कपातीची कुजबुज: टीम लीडने काय बोलायचं, काय नाही

मोठ्या कंपनीत नोकरकपातीची कंडी पिकली की सगळ्यात जास्त प्रश्न टीम लीडकडे येतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमी माहितीही त्याच्याकडेच असते. वरचे गुळणी धरून बसलेले, टीम तोंडाकडे बघत असलेली. यादी तुमच्या हातात नसते, निर्णयही नसतो. पण आपल्या आठ-दहा माणसांना खात्रीची माहिती किती आणि कधी मिळेल हे बऱ्यापैकी तुमच्या हातात असतं. इथे लिहिलंय ते तेवढ्यापुरतंच.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवेचं एक साधं सूत्र मांडलं होतं: अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीची संदिग्धता. यात गुणाकार महत्त्वाचा. दोघांपैकी एक जरी शून्यावर आलं तरी अफवा मरते. पगाराचं महत्त्व कुणाच्या मनात शून्य होणार नाही, म्हणून "काळजी करू नका, कामाकडे लक्ष द्या" हे वाक्य वाया जातं. कमी करता येते ती फक्त संदिग्धता.

याचा प्रत्यक्ष पुरावाही आहे. डेव्हिड श्वायगर आणि अँजेलो डिनिसी यांचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विलीनीकरणाला सामोऱ्या जाणाऱ्या दोन कारखान्यांचा होता. एका ठिकाणी वरून आलेल्या पत्रापलीकडे फारसं काही सांगितलं गेलं नाही. दुसऱ्या ठिकाणी माहितीपत्रक, प्रश्न विचारायला फोन लाइन आणि कारखान्याच्या मॅनेजरबरोबर बैठका होत्या. घोषणेनंतर अस्वस्थता दोन्हीकडे वाढली. पुढे पहिल्या कारखान्यात ती वाढतच गेली, दुसऱ्यात स्थिरावली. म्हणजे खरं बोलल्याने भीती लगेच पळत नाही, पण तिची वाढ थांबते. एवढीच अपेक्षा ठेवा.

आधी अफवा नीट लिहून काढा

कानावर आलेली गोष्ट जशीच्या तशी, एका ओळीत, तारखेसह स्वतःच्या वहीत लिहा. कोण म्हणालं ते लिहू नका. वही कुणाच्या हाती पडली तर ती चुगलीची यादी ठरेल. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न: हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं?

नवी भरती थांबली, प्रवासखर्चावर गदा आली, कंत्राटी लोकांची मुदत वाढवली नाही, अप्रेझलचा मोसम नसताना मॅनेजरांकडून टीमची क्रमवारी मागवली, एकाच दिवशी एचआरने बऱ्याच मीटिंग रूम अडवून ठेवल्या. लोक वाचतात त्या या खुणा. त्यांचं वजन सारखं नाही. भरती आणि प्रवास तिमाही संपताना कपातीशिवायही आवळले जातात. अवेळी मागवलेली क्रमवारी जास्त गंभीर, कारण तिला दुसरं सोपं कारण सापडत नाही. मीटिंग रूमवरून निष्कर्ष काढणं म्हणजे भीत्यापाठी ब्रह्मराक्षस.

सार्वजनिक कागद बघायला फार कमी लोक जातात, आणि पक्की माहिती तिथेच सापडते. अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने मोठ्या खर्चाची पुनर्रचना पक्की केली तर तिला साधारणपणे चार कामकाजी दिवसांत ८-के नावाच्या फॉर्मवर ते जाहीर करावं लागतं. तिथल्या १९८८ च्या वॉर्न कायद्याप्रमाणे १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीआधी सर्वसाधारणपणे ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि अनेक राज्यं या सूचनांची यादी खुली ठेवतात. ब्रिटनमध्ये ९० दिवसांत एकाच आस्थापनेतले १०० किंवा जास्त लोक कमी करायचे असतील तर पहिल्या माणसाला काढण्याच्या किमान ४५ दिवस आधी सल्लामसलत सुरू व्हावी लागते. आपल्याकडे शब्दाचाच घोळ आहे: भारतीय कामगार कायद्यात 'ले-ऑफ' म्हणजे तात्पुरतं काम न देणं, कायमचं काढणं म्हणजे 'रिट्रेंचमेंट'. ऑफिसात मात्र सगळ्यालाच लेऑफ म्हणतात, त्यामुळे एखाद्या सरकारी कागदात तो शब्द दिसला की नसता गोंधळ उडतो. तुमच्या टीमला कुठल्या देशाचा कायदा लागू आहे ते आधी बघा. मुख्यालय कुठे आहे यावर ते ठरत नाही.

मग तुमच्या मॅनेजरला दोनच प्रश्न विचारा. मी टीमला नेमकं काय सांगू शकतो? आणि पुढची अधिकृत माहिती कधी येणार? दुसऱ्याचं उत्तर "माहीत नाही" असलं तरी ते विचारलंत ही नोंद राहते, आणि टीमला सांगायला तुमच्याकडे एक खरी गोष्ट असते.

पहिली बैठक

अफवा टीममध्ये उघड बोलली जाऊ लागली की चोवीस तासांच्या आत बैठक घ्या. वीस मिनिटं पुरे. स्लाइड नकोत. सगळे एकाच वेळी हवेत. दुसऱ्या शिफ्टचे, घरून काम करणारे, सगळे. अर्ध्या टीमला सकाळी आणि अर्ध्या टीमला संध्याकाळी सांगितलंत तर मधल्या तासांत तुमच्याच वाक्यांची नवी अफवा होते. आमंत्रणावर विषय स्पष्ट लिहा. नुसतं 'महत्त्वाचं' लिहिलेलं आमंत्रण गेलं की लोक जीव मुठीत धरूनच येतात.

बोलायचं ते तीन भागांत. काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि काय सांगता येत नाही. उदाहरणार्थ: "नवी भरती थांबवली आहे, हा मेल सगळ्यांना आलाय. आपल्या विभागाचं बजेट ठरलेलं नाही. कपात होणार का, हे मला कुणी सांगितलेलं नाही." हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच उच्चारा.

खरी गोची तिसऱ्या भागात आहे. माहीत असून "माहीत नाही" म्हणालात तर महिन्याभराने ते उघडं पडतं, आणि नंतर तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही. आणि काही शिजत असतानाच तुम्ही "यावर बोलता येणार नाही" म्हणायला लागलात तर त्या बदलावरून लोक बरोबर ओळखतात. यावर एकच उपाय: नियम आधी सांगून ठेवायचा. "कपात असो वा नसो, कुणाचं नाव, किती लोक, कुठली तारीख यावर मी कधीच बोलणार नाही. आज मला काही माहीत नाही. उद्या कळलं तरी 'यावर बोलणार नाही' हेच माझं उत्तर असेल." मग ते पाळायचं. चहा पिताना, लिफ्टमध्ये, जवळच्या मित्रासमोरसुद्धा. एकदा एकाला "तुझं काही नाही रे" म्हणालात की बाकीच्या सगळ्यांसाठी तुमचं गप्प बसणं हेच उत्तर होतं.

उठण्याआधी पुढच्या बोलण्याचा वार आणि वेळ सांगा. दर बुधवारी अकरा वाजता दहा मिनिटं, असं काहीतरी. बातमी नसेल तरी त्या वेळी हजर राहून "नवं काही नाही" एवढं सांगायचं. एक बुधवार चुकला तर त्या दिवशीच्या तर्ककुतर्कांना तुम्हीच खतपाणी घातलं असं समजा. नेमकी वेळ ठरलेली असली की लोक प्रश्न तोपर्यंत राखून ठेवतात. नाहीतर दिवसभर चॅटवर कानोसा घेणं चालू राहतं.

न बोलायची वाक्यं

"आपली टीम सेफ आहे." तुम्हाला ते ठाऊक नसतं. यादी बऱ्याचदा टीम बघून बनतच नाही. विभागाचा खर्च, ठिकाण, बंद करायचं प्रॉडक्ट यावरून बनते.

"काम चांगलं असेल तर घाबरायचं कारण नाही." हे दुप्पट वाईट. आख्खा विभाग बंद होतो तेव्हा चांगलं काम करणारेही जातात, आणि मग तुमच्या या वाक्यामुळे गेलेल्यांवर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. राहिलेल्यांच्या ते लक्षात राहतं.

"हे कोण पसरवतंय?" असा शोध घेतलात की बोलणं थांबत नाही, फक्त तुम्ही नसलेल्या ग्रुपवर जातं. तुमच्या कानावर यायचं तेही बंद होतं.

अर्धवट इन्कार हाही असाच सापळा. "दहा टक्के लोक जाणार" या अफवेला "दहा टक्के ही चूक आहे" असं उत्तर दिलं की दुपारपर्यंत "म्हणजे आठ टक्के" सुरू होतं. गोष्ट पूर्ण खोटी असेल आणि तुमच्याकडे आधार असेल तरच ती खोडा. खोडताना आधी खरी माहिती सांगा, ती कुठून कळली ते सांगा, अफवा शेवटी आणि एकदाच उच्चारा. बाकी वेळी "मला यातलं काही ठामपणे सांगता येत नाही" हे पुरेसं आहे. आणि कपातीला 'राइटसायझिंग' म्हणण्यासारखे शब्द टाळा. गुळगुळीत शब्द ऐकले की माणसं जास्त सावध होतात.

एकेकाशी बोलताना

बैठकीनंतरच्या तीन-चार दिवसांत प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला. सुरुवात रजेवर असलेल्यांपासून. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवरचा माणूस हमखास विसरला जातो, आणि त्याला सगळं तिसऱ्याकडून, तिखटमीठ लावून कळतं. त्यानंतर नुकतेच रुजू झालेले. मग ज्यांचं परदेशात राहणं नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आहे ते. नोकरी गेली तर त्यांच्याकडे मोजके दिवस असतात.

"कसं वाटतंय?" याला उत्तर "ठीक" असं येतं. "तुम्ही काय काय ऐकलंत?" असं विचारा, लोक बोलतात. मध्येच दुरुस्त करू नका. संपल्यावर यातलं काय मला माहीत आहे आणि काय नाही, ते वेगळं करून सांगा.

सगळ्यात अवघड प्रश्न असतो, "पुढच्या महिन्यात घराचं कर्ज घेतोय, घेऊ ना?" इथे हो म्हणणं म्हणजे हमी देणं, नाही म्हणणं म्हणजे यादी फोडणं. म्हणून प्रत्येकाला, अगदी न विचारणाऱ्यालाही, एकच उत्तर: "एवढा मोठा निर्णय माझ्या शब्दावर घेऊ नका. सहा महिने पगार नसेल तर हप्ता कुठून येईल, ते मांडून बघा आणि मग ठरवा."

टांगती तलवार शरीरावरही परिणाम करते. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल २ अभ्यासात, खासगीकरण होऊ घातलेल्या एका खात्यातल्या लोकांची तब्येत प्रत्यक्ष बदलाच्या आधीच, नुसत्या वाट पाहण्यात, घसरलेली दिसली. १९९५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टीममध्ये ते असं दिसतं: रात्री दोनचे मेल, एरवी न होणाऱ्या चुका, ठरलेली रजा रद्द करणं, बोलक्या माणसाचं गप्प होणं. मेहनत वाढली म्हणून खूश होऊ नका. बरेचदा ती भीती असते. या काळात कामं दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत द्या, जोखमीचं रिलीज पुढे ढकला, महत्त्वाच्या कामावर दुसरी नजर ठेवा. कुणी जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोललं तर एकटं सोडू नका, सरळ विचारा, आणि त्याच दिवशी घरच्यांशी किंवा डॉक्टरांशी गाठ घालून द्या.

सगळ्यांना सारखं सांगायच्या गोष्टी

या सूचना बैठकीतच द्या. एखाद्यालाच बाजूला घेऊन सांगितल्या की त्याचा अर्थ वेगळा लागतो. पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, अप्रेझलची पत्रं, शिल्लक रजेचा आकडा, या स्वतःच्या कागदांच्या प्रती प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवाव्यात. कंपनीचा लॉगिन बंद झाला की ते काढणं जिकिरीचं होतं. कोड, ग्राहकांच्या याद्या, अंतर्गत फाइली मात्र अजिबात घेऊ नयेत. तेवढ्यावरून भरपाई न देता काढलं जाऊ शकतं. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो की महिनाअखेरीस, ते पॉलिसीत बघावं. आणि घाबरून राजीनामा देऊ नये. स्वतःहून सोडलं की कपातीची भरपाई सहसा मिळत नाही. समोर कागद आला तर त्याच बैठकीत सही न करता वाचायला वेळ मागावा.

हे सगळं तुम्हीही करा. यादीत तुमचंही नाव असू शकतं.

यादी आली तर

बातमी पहिल्या वाक्यात द्या: "तुमचं पद रद्द झालं आहे, शेवटचा दिवस अमुक." हवापाण्याच्या गप्पा नकोत, तुमचं स्वतःचं दुःखही नको. दहा-पंधरा मिनिटं, बंद दार, पत्र तयार, भरपाई आणि विम्याच्या प्रश्नांसाठी एका माणसाचं नाव आणि नंबर. यानंतर कानावर पडलेलं फारसं लक्षात राहत नाही, म्हणून तपशील लेखी द्या.

उरलेल्यांशी शेवटच्या व्यक्तीला कळवल्यानंतर तासाभरात बोला. "आता संपलं" हे वरून लेखी आलेलं असेल तरच म्हणा. राहिलेले लोक गेलेल्यांना कसं वागवलं ते बारकाईने बघत असतात, तेव्हा त्यांची नावं घेऊन बोला, जणू ते कधी नव्हतेच असं वागू नका. बुधवारची बैठक पुढे किमान सहा आठवडे चालू ठेवा. आणि गेलेल्यांची कामं वाटण्याआधी कुठली कामं आता होणार नाहीत, याची यादी वरिष्ठांकडून लेखी घ्या. ती मिळेपर्यंत नवं काम कुणाच्याही नावावर टाकू नका.