अलिबागचं तिकीट तिथी पाहून काढा

आपल्या फुटाळा तलावाचं पाणी दिवसभर काठाशीच असतं, म्हणून नागपूरकर समुद्रावर जाताना भरती-ओहोटी बघतच नाहीत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे खडकांवरचे जीव पाहायला जायचं, तर आधी कॅलेंडर उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी सर्वांत लांब जातं, तेही साधारण सकाळी-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. सकाळचीच वेळ धरा. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते.

खडकातल्या डबक्याशी उकिडवं बसा, सावली पडू देऊ नका. थोड्या वेळानं निपचित शंख चालायला लागतो. आत खेकडा असतो! दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. पाणी चढायला लागलं की लगेच किनाऱ्याकडे वळा. चपला नकोत, पट्ट्याचे सँडल घाला. खडकांवरच्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा पाय कापतात.