सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत थीमवाली फन रन काढायचीय? मग हे वाचा

पहिलं म्हणजे फन रन ही मॅरेथॉन नव्हे, हे कमिटीतल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवा. प्रत्येक कमिटीत एक तरी जण असतो ज्याला टायमिंग चिप पाहिजे, पहिला-दुसरा-तिसरा नंबर पाहिजे, स्टेजवर पाहुणे पाहिजेत. त्याला चहा पाजा आणि समजवा. आपल्याला बोलवायचंय ते वर्षभर एकदाही न पळालेल्याला, त्याच्या सासूबाईंना, त्याच्या दुसरीतल्या पोरीला. पळणारे तर पळतातच की ओ, त्यांना आपली गरज नाही. त्यामुळे कुठलाही निर्णय अडला, की सगळ्यात शेवटी येणाऱ्या माणसाला हे जमेल का, एवढंच विचारायचं. मी पुढं जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबानं.

आता थीम. परदेशात हे प्रकार जुने आहेत, अमेरिकेत बफेलो शहरात थँक्सगिव्हिंगची धाव १८९६ पासून चालू आहे, आणि नाताळात हजारो लोक सांताचे कपडे घालून पळतात. आपल्याकडं लोक ते बघतात आणि सरळ दोनशे सांताचे ड्रेस मागवतात. कशाला? ते पॉलिस्टरचं कापड, ती कापसाची दाढी, आणि सोलापुरात डिसेंबरातही साडेआठला ऊन चटके द्यायला लागतं. लाल टोपी पुरे. थीमचा माझा एकच नियम आहे, घरातल्या कपाटातून निघाली पाहिजे. विकत घ्यायची वेळ आली की निम्मे लोक गळतात, आणि जे गळतात तेच आपल्याला हवे असतात.

कपाटातून निघणाऱ्या थीम भरपूर आहेत. शाळांची गॅदरिंग डिसेंबरातच असतात, म्हणजे घराघरात शिवाजी महाराज, वासुदेव, झाडं, फुलपाखरं, डॉक्टर असे ड्रेस पडून असतात, एका दिवसासाठी शिवलेले. 'गॅदरिंगचा ड्रेस परत घाला' अशी रन काढली तर पोरं आईबापाला ओढत आणतील. दुसरी टॉवेल रन. सोलापूरच्या घरात टॉवेल नाही असं होणारच नाही, खांद्यावर टाका, फेटा बांधा, सुपरमॅनसारखा पाठीला लावा. चादरीचा मोह मात्र टाळा, चादर आपली शान असली तरी ती अंगावर घेऊन तीन किलोमीटर जाऊन बघा एकदा, वजन कळतं. तिसरी म्हणजे संक्रांतीची काळ्या कपड्यांची रन, काळी साडी, काळा कुर्ता, काळा टीशर्ट, सगळ्यांकडं असतंच. पण यात एक गोम आहे, पहाटेच्या अंधारात काळे कपडे घातलेला माणूस रिक्षावाल्याला दिसत नाही. म्हणून काळी थीम असेल तर नीट उजाडल्यावरच सोडा आणि व्हॉलंटियरना पिवळे किंवा पांढरे पट्टे द्या. हलव्याचे दागिने घालून कुणी आलं तर फोटो काढून लगेच उतरवायला सांगा, घामानं चिकट होतात आणि मग मुंग्या.

आणि माझी सगळ्यात आवडती, हुरडा रन. ही शहरात नाही, शहराबाहेर कुणाच्या तरी शेतावर. डिसेंबर अखेरपासून हुरडा सुरू होतोच, ज्वारीचा जिल्हा आपला, मग मेडल कशाला पाहिजे? शेतरस्त्यानं तीन किलोमीटर जाऊन यायचं आणि आगटीभोवती बसायचं, गरम हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ. यासाठी कुणालाही पहाटे उठवता येतं. फक्त दोन गोष्टी बघा. एक, हाच उसाच्या गाळपाचा हंगाम असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतात, ट्रॉलीच्या मागं धड लाईट नसतो आणि ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला असतो. त्यामुळं मुख्य रस्त्याचा एक फूटही मार्गात येता कामा नये, पुणे-हैदराबाद हायवे किंवा विजापूर हायवे तर नावच काढू नका. दोन, कणसं भाजणारी माणसं आधीच ठरवा. हुरडा भाजून, हातावर चोळून, पाखडून द्यायला वेळ लागतो, दोनशे लोक एकदम आले आणि आगटी एकच असली तर फन संपून नुसती रांग उरते. चार आगट्या तरी करा.

एक मात्र सांगतो, गड्ड्याचं, म्हणजे जानेवारीतल्या आपल्या सिद्धेश्वर यात्रेचं, काही थीम म्हणून वापरू नका. यात्रेच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजाची, म्हणजे त्या मानाच्या उंच काठीची नक्कल, बाराबंदी घालून पळणं, हे कुणाला तरी गंमत म्हणून सुचतंच. बाराबंदी हा मानकऱ्यांचा आणि भक्तांचा यात्रेतला पोशाख आहे, लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे, तिथं गंमत नको. तसंच १२ जानेवारी. त्या तारखेला १९३१ साली सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या चार पुतळ्यांपाशी त्या दिवशी अभिवादनाला लोक येतात, त्या गर्दीत आपण सांताच्या टोप्या घालून पळत जाणं बरं दिसत नाही. त्या दिवशी धावायचंच असेल तर साधे पांढरे कपडे, शांत रन आणि शेवटी पुतळ्यांना हार. ते वेगळंच काहीतरी होईल आणि चांगलं होईल.

तारखेचं गणित यातूनच निघतं. १२ ते १६ जानेवारीच्या आसपास अख्खं शहर सिद्धेश्वर यात्रेत असतं, मिरवणुकीचे रस्ते, बंदोबस्त, होम मैदानावर पाळणे आणि स्टॉल. त्या दिवसांत परवानगी मागायला जाणं म्हणजे पोलिसांना उगाच त्रास. होम मैदान तर त्याच्या आधीपासूनच स्टॉलच्या तयारीत जातं, त्याचा विचारच सोडा. म्हणून संक्रांतीची रन करायची तर यात्रेचे मुख्य दिवस संपल्यानंतरच्या रविवारी करा, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतोच. नाताळाची करायची तर २५ च्या लगतचा रविवार बघा, २५ ला सकाळी ख्रिश्चन मंडळी चर्चला जातात आणि त्यांना सोडून नाताळाची रन काढायची म्हणजे कमालच. वर्षाअखेरची करायची तर ३१ च्या सकाळी करा, १ तारखेला नको. एक तर १ ला उठणार कोण, आणि जे त्या पहाटे रस्त्यावर गाडी चालवत असतात त्यातले काही अजून झोपलेलेच नसतात, समजून घ्या.

मार्ग आखताना लांबच लांब सरळ जाऊन परत येणारा नको. अडीच किलोमीटरची गोल फेरी करा, चालणाऱ्यांना एक, पळणाऱ्यांना दोन म्हणजे पाच किलोमीटर. ज्याला एका फेरीत दम लागला तो थांबला तरी सुरुवातीच्याच जागी असतो, रिक्षा करून परत यायला लागत नाही, आणि व्हॉलंटियरही निम्मेच लागतात. फेरीत सगळी वळणं डावीकडं ठेवा, रस्त्याच्या डाव्या कडेनं चालत राहिलं की कुणालाच रस्ता क्रॉस करावा लागत नाही. ही एवढी साधी गोष्ट आहे पण नकाशावर बोट फिरवणारे ती विसरतात. अंतर मोजायला गाडीचा मीटर नको, मोबाईलमधलं ॲप चालू करून दोघांनी पायी फिरून या, आणि तेही एक आठवडा आधी, त्याच वारी, त्याच वेळी. दुधाच्या गाड्या कुठं उभ्या असतात, भाजीवाले कधी बसतात, रस्ता कुठं खोदून ठेवलाय, आणि मुख्य म्हणजे कुत्र्यांची टोळी कुठल्या कोपऱ्यावर असते, हे सगळं त्या वेळीच कळतं. कुत्री पळणाऱ्याच्या मागं लागतात, घोळका चालत गेला तर बहुतेक वेळा बघत बसतात, तेव्हा त्या कोपऱ्यावर दोन माणसं उभी करा आणि तिथं सगळ्यांना चालायला सांगा.

सुरुवातीची जागा म्हणून शाळेचं मैदान मागा. रविवारी रिकामं असतं, गाड्या लावायला जागा असते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाथरूम असतं. बायकांची नोंदणी कमी का येते म्हणून कमिट्या डोकं खाजवतात, त्यातलं निम्मं उत्तर इथं आहे. पहाटे घरून निघालेल्या बाईला दोन तास सोय नसेल तर ती येणार नाही आणि का आली नाही ते सांगणारही नाही. आदल्या दिवशी जाऊन कड्या लागतात का, टाकीत पाणी आहे का, बल्ब लागतो का बघा. पाणी खास बघा, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला काय सांगायचं.

परवानगीचं काम तीन-चार आठवडे आधी सुरू करा. अर्ज पोलीस स्टेशनला आणि वाहतूक शाखेला, बाग किंवा मैदान महापालिकेचं असेल तर तिकडं वेगळा. अर्जाला मार्गाचा हातानं काढलेला नकाशा, सुरू आणि संपायची वेळ, अंदाजे संख्या आणि दोन जबाबदार माणसांचे नंबर जोडा. रस्ता बंद करा असं मागू नका, मिळणार नाही, डावी बाजू वापरतो आणि साडेआठला संपवतो असं लिहा. स्पीकरचा नियम लक्षात ठेवा, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद असतो. त्यामुळं साडेपाचला झुंबा सुरू करायची आयडिया कितीही भारी वाटली तरी ती बसत नाही. दवाखाने, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरमधल्या शांतता क्षेत्रात तर स्पीकरही नाही आणि हलगीही नाही, तेव्हा वाजवायची जागा नकाशा बघूनच ठरवा. बाकी ठिकाणी मात्र डीजेपेक्षा हलगीच घ्या. हलगीवर सोलापूरकराचे पाय आपोआप उचलतात, आणि वायर लागत नाही.

वेळ अशी ठेवा: सव्वासहाला जमायचं, साडेसहाला हातपाय मोकळे करायचे, सातला सोडायचं. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो म्हणजे उजेडाचा प्रश्न नाही. पाहुण्यांच्या भाषणासाठी वेळ ठेवलेली नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. नगरसेवक साहेब आले तर हातात झेंडा द्या, माईक देऊ नका.

नोंदणीला गुगल फॉर्म ठेवा पण फक्त त्यावर राहू नका, ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांच्यासाठी किराणा दुकानात एक वही ठेवा. फी शंभरच्या आत ठेवा, लहान पोरांना आणि साठीच्या वरच्यांना माफ. छातीवरचे नंबर फ्लेक्सवर छापू नका, आपण कापडाच्या गावात राहतो ना यार, कुठल्याही गारमेंटवाल्याकडं कात्रणं मिळतात, त्यावर मार्करनं नंबर आणि मागच्या बाजूला घरच्यांचा फोन. पोरांच्या बाबतीत हा मागचा फोन फार कामाचा. दम्याचा, हार्टचा, शुगरचा त्रास आहे का हे फॉर्ममध्येच विचारा. मेडलच्या ऐवजी हातरुमाल किंवा छोटा नॅपकिन द्या, वापरात राहतो, आणि कारखानदाराला आपल्या मालाची जाहिरात होते म्हणून तो स्वस्तात, कधी फुकटही देतो.

पाण्याचा हिशोब सोपा. दोनशे लोक, माणशी तीन पेले, पेला २०० मिलीचा, झाले १२० लिटर म्हणजे २० लिटरचे सहा जार. आठ सांगा, जास्तीचे दोन हात धुवायला जातात. प्लास्टिकचे ग्लास आपल्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत, आणि रस्त्यावर चुरगळून पडलेले ग्लास गोळा करत बसण्यापेक्षा मंगल कार्यालयातून स्टीलचे पेले भाड्यानं आणा, टबात विसळायला दोन माणसं बसवा. एका टेबलावर साधं पाणी, एकावर लिंबू-मीठ-साखरेचं. डॉक्टर ओळखीचा असेलच कुणाच्या तरी, त्याला पळू देऊ नका, खुर्चीत बसवा, आणि जवळचा दवाखाना कुठला आणि १०८ कुणी फिरवायचा हे आधीच ठरवा. कपड्यांची एवढीच बंधनं घाला, बूट किंवा पट्ट्याची चप्पल पाहिजेच, तोंड झाकणारे मुखवटे नकोत, आणि साडीचा पदर खोचलेला.

व्हॉलंटियर प्रत्येक वळणावर एक, पाण्यापाशी चार, आणि सगळ्यात मागं दोन. हे मागचे दोघं फार नीट निवडा. त्यांनी शेवटच्या माणसाच्या मागं राहायचं, घाई करायची नाही, 'अजून किती राहिलं ओ' याला न वैतागता उत्तर द्यायचं. गप्पिष्ट माणूस लागतो तिथं. आणि हलगीवाल्याला आधीच सांगून ठेवा, पहिला आला तेव्हा वाजवलं नाही तरी चालेल, शाळेपासून लांब जिथं उभा असशील तिथून शेवटची आजी जाईल तेव्हा दणकून वाजव. बक्षिसं द्यायचीच असतील तर सगळ्यात भारी ड्रेस, सगळ्यात मोठं कुटुंब, सगळ्यात वयस्कर आणि शेवटचा नंबर यांना द्या.

नाष्ट्याला पोहे-उप्पीट नेहमीचंच, सुशीला करा की, चुरमुऱ्यांची, पटकन होते आणि पोटाला हलकी. संक्रांतीची असेल तर तिळाची वडी, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली तर बाहेरगावहून आलेले पाहुणे फोटो काढतील आणि आपले लोक दही कुठाय म्हणून विचारतील.

संपल्यावर अर्ध्या तासात रस्ता झाडून घ्या, मार्गावर लावलेले दिशेचे बाण काढा, शाळेची किल्ली परत द्या, वॉचमनला नाष्टा द्यायला विसरू नका. संध्याकाळच्या आत जमाखर्च व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, किती आले, किती खर्च झाले, शिल्लक कुणाकडं आहे, बिलांच्या फोटोसकट. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेल्यावर लोक हीच पोस्ट आठवतात. फोटो मात्र दुसऱ्या दिवशी टाकले तरी चालतात, आणि त्यात मागं राहिलेल्या वस्तूंचाही एक फोटो टाका, कारण एक तरी पाण्याची बाटली, एक टोपी आणि कुणाचा तरी डावा बूट राहतोच.