जैवतेल मिसळलेले डांबर : या चुका टाळा

लाकडाच्या भुशापासून पायरोलिसिसने (हवा न देता तापवून) काढलेले जैवतेल डांबरात मिसळताना होणाऱ्या चुकांत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तेल न सुकवता वापरणे. या तेलात वजनाने साधारण १५ ते ३० टक्के पाणी असते आणि ते तेलातच मिसळून गेलेले असल्याने नुसत्या नजरेला कळत नाही. एका नवशिक्या उमेदवाराने असे तेल १६० अंश सेल्सिअसच्या डांबरात एकदम ओतले, तेव्हा दूध उतू जावे तसा काळा फेस डब्याबाहेर येऊन हॉटप्लेटवर पसरला. एवढ्यावर तो थांबता तरी बरे. पण डब्यात उरलेलाच माल त्याने आरटीएफओ चाचणीला (गरम हवेत डांबर झटपट जुने करून पाहण्याच्या चाचणीला) लावला, वजनातील घट १ टक्क्याची मर्यादा ओलांडून गेली आणि अहवालात दोष तेलाच्या माथी मारला गेला. मी तेल ११० अंशांच्या आसपास, ढवळत राहून, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तापवतो आणि मगच डांबरात थोडे थोडे सोडतो. आच वाढवून वेळ वाचवणे मला मुळीच मान्य नाही, कारण जास्त उष्णतेने तेलातील फिनॉल व अल्डिहाइड एकमेकांशी जोडले जाऊन तेल मिसळण्याआधीच घट्ट होऊ लागते.

दुसरी चूक ताज्या नमुन्यावर निकाल देण्याची. ताजे मिश्रण मऊ असते, कमी तापमानाला लवचीक दिसते आणि उतावळी मंडळी तेथेच समाधान मानतात. आरटीएफओमध्ये १६३ अंशांना ८५ मिनिटे पातळ थरावर गरम हवा फिरली की हलके घटक उडून जातात, उरलेले ऑक्सिजनयुक्त घटक झपाट्याने कडक होतात, आणि त्यानंतर पीएव्हीतील (डांबर दाबाखाली आणखी जुने करणाऱ्या पात्रातील) २.१ मेगापास्कल दाबाखालचे २० तास तर अजून बाकीच असतात. बीबीआर चाचणीत (थंड डांबराची पट्टी वाकवून पाहण्याच्या चाचणीत) ताठरता ३०० मेगापास्कलच्या आत राहूनही एम-मूल्य (ताठरता वेळेनुसार उतरण्याचा वेग) ०.३००च्या खाली घसरू शकते, म्हणजे थंडीत साचलेला ताण डांबर वेळेवर सैल करू शकत नाही. त्यामुळे पीएव्हीतून निघालेल्या डांबराच्या पट्ट्या तपासल्याशिवाय मी मिश्रणाचे प्रमाण ठरवत नाही.

जीर्णता मोजताना एफटीआयआरवरील (अवरक्त किरणांनी रेणूंतील बंध ओळखणाऱ्या यंत्रावरील) १७०० सेंमी⁻¹ जवळचे, डांबर जुने होताना वाढणारे कार्बोनिलचे (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचे) शिखर साध्या डांबराशी ताडून पाहू नये. जैवतेलात कार्बोनिल मुळातच असते, आणि तापवताना त्यातील काही उडूनही जाते.

वापरलेल्या खाद्यतेलाचे निष्कर्ष लाकडाच्या तेलाला लावू नयेत. दोन्हींचे रसायन वेगळे आहे.

गरम साठवणीत थर वेगळे होतात का, हे उभ्या नळीत ४८ तास ठेवून वरच्या व खालच्या भागाच्या सॉफ्टनिंग पॉइंटवरून (डांबर मऊ होण्याच्या तापमानावरून) पाहावे.

लाकडाचे तेल आम्लधर्मी असते, म्हणून पाण्यात खडीवरून डांबर सुटते का याची चाचणी कामावरच्याच खडीवर घ्यावी. प्रयोगशाळेतल्या कपाटातील स्वच्छ, धुतलेली खडी त्यासाठी चालत नाही.