चाके कपाटात ठेवून रोबोटिक्स शिकवताना

तयार संचातील भाग जोडून पहिल्याच तासाला गाडी पळवून दाखवली, तर विद्यार्थी खूश होतात. मात्र ती का पळाली हे त्यांना सांगता येत नाही आणि ती थांबली की सगळा वर्ग शिक्षकाकडे पाहू लागतो. म्हणून माध्यमिक वर्गात रोबोटिक्स शिकवताना बिघाड शोधता येणे हेच मुख्य उद्दिष्ट ठरवावे आणि पहिले काही तास चाके कपाटातच राहू द्यावीत.

सुरुवात एका एलईडीपासून करावी. आर्डुइनो उनो आर३ या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची पिन चालू स्थितीत सुमारे ५ व्होल्ट देते. त्यांपैकी साधारण २ व्होल्ट लाल एलईडीवर आणि उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. रेझिस्टर २२० ओहमचा असेल, तर ओहमच्या नियमाने जवळपास १४ मिलिअँपिअर धारा येते आणि ती पिनसाठी सुचवलेल्या २० मिलिअँपिअरच्या आत राहते. हे गणित जोडणीआधी वहीत करवून घ्यावे आणि मग मल्टिमीटरने पडताळावे. दिवा लुकलुकवण्याचा प्रोग्राम आधी पडद्यावरचे तयार सूचनांचे ब्लॉक जोडून करावा, पण त्याचे लिखित रूप त्याच तासाला शेजारी दाखवावे. ते पुढे ढकलले की ब्लॉकची सवय सुटणे अवघड जाते.

यानंतरचा अल्ट्रासॉनिक सेन्सरचा, म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या उपकरणाचा, पाठ मात्र घाईने उरकू नये, कारण माहिती तंत्रज्ञान आणि रोबोटिक्स खऱ्या अर्थाने इथेच एकत्र येतात. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाला ०.०३४३ सेंटिमीटर असतो. ध्वनी जाऊन परत येत असल्याने मोजलेल्या वेळेला या संख्येने गुणून निम्मे करावे लागते. निम्मे करायचे विसरलेला एखादा गट असतोच, आणि त्याला चूक लगेच सांगू नये. जमिनीवर मोजपट्टी ठेवून १०, २०, ३० सेंटिमीटरवर प्रत्येकी पाच वाचने घ्यायला लावावीत, ती स्प्रेडशीटमध्ये भरून सरासरी आणि आलेख काढायला सांगावे. आलेखातले प्रत्येक अंतर दुप्पट दिसू लागले की तो गट स्वतःच सूत्राकडे वळतो. मग समोरचा पुठ्ठा तिरका धरावा, त्यावर जाड कापड टाकावे आणि वाचने का बिघडली, याची कारणे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावीत.

चाके आता बाहेर काढावीत. मोटर पिनला थेट जोडू नये, कारण तिला लागणारी धारा पिनच्या आवाक्याबाहेरची असते. मध्ये मोटर ड्रायव्हर, म्हणजे पिनच्या इशाऱ्यावर बॅटरीची धारा मोटरला देणारे सर्किट, हवे आणि मोटरची बॅटरी वेगळी असली, तरी तिचा ऋण टोकाचा भाग बोर्डाच्या ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या पिनला) जोडलेला असावा. काळ्या रेषेवरून चालणाऱ्या गाडीत रेषेच्या दोन्ही बाजूंना इन्फ्रारेड सेन्सर असतात आणि ॲनालॉग पिनवर त्यांची वाचने ० ते १०२३ या संख्यांत मिळतात. काळे आणि पांढरे यांतला उंबरठा फळ्यावर लिहून देऊ नये. प्रत्येक गटाने दोन्ही पृष्ठभागांवर वाचने घेऊन मधली संख्या निवडावी. खिडकीतून ऊन आले की सकाळी नीट चालणारी गाडी दुपारी भरकटू शकते, आणि असे घडले तर तो तास वाया गेला असे मुळीच समजू नये.

बिघाडाच्या वेळी पाळायचा नियम एकच: आधी अंदाज लिहायचा, मग एका वेळी एकच बदल करायचा. वीज पोहोचते का, तारा घट्ट आहेत का, सेन्सरचे आकडे सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) अपेक्षेप्रमाणे येतात का, हे पाहिल्याखेरीज प्रोग्रामला हात लावू देऊ नये. शिक्षकाने स्वतःचे हात पाठीमागे बांधलेले बरे. सर किंवा मॅडमनी तार सरळ करून दिली की शोध तिथेच संपतो. तिघांचा गट करून जोडणी, प्रोग्राम आणि नोंदवही ही कामे दर तासाला फिरवावीत, नाहीतर कीबोर्ड वर्षभर एकाच विद्यार्थ्याकडे राहतो.

मूल्यमापनासाठी गाडीची शर्यत लावण्याऐवजी प्रत्येक गटाला मुद्दाम एक दोष ठेवलेली गाडी द्यावी: कुठे उंबरठ्याची संख्या चुकीची, कुठे एका मोटरच्या तारा उलट, कुठे ग्राउंडची तार निघालेली. गुण दुरुस्तीच्या वेगाला न देता, नोंदवहीत लिहिलेल्या अंदाजांच्या क्रमाला आणि ते पडताळण्याच्या पद्धतीला द्यावेत. दोष सापडला नाही, पण चार शक्यता नीट तपासून बाद केल्या, अशा गटालाही बहुतांश गुण मिळायला हवेत.