कळपात नवी कोंबडी मिसळताना

तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, एकटी कधी आणू नका, दोन आणा. बाजारात एकच चांगली दिसली तर त्या दिवशी तशाच परत या. एकटीवर जुन्या साऱ्याजणी तुटून पडतात. दोघी असल्या की मार वाटला जातो आणि रात्री एकमेकींना चिकटून बसायला सोबत मिळते.

आमच्या परसात सध्या तांबडीचं राज्य आहे. दाणे टाकले की आधी ती टिपणार, मग ठिपकी, मग बाकीच्या. काळी सगळ्यांत मागे. खुराड्यात वरची दांडीही तांबडीचीच. ही उतरंड चोची मारून ठरते आणि एकदा ठरली की रोजची भांडणं थांबतात. थोरलेफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२१ साली हे मांडलं, पण परसात कोंबड्या असलेल्या कुठल्याही आजीला ते ठाऊकच असतं. नवी आली की उतरंड नव्याने लागते, म्हणून घाई नको.

आणलेल्या दोघींना आधी दोन-तीन आठवडे लांब ठेवा, भांडी वेगळी. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, नंतर हात धुवा. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, घरात शिरली तर अख्खं खुराडं रिकामं होतं. लस टोचली आहे का हे विकणाऱ्याला विचारा. खात्री नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

मग आठवडाभर जाळीआडून ओळख होऊ द्या. रात्री गुपचूप दांडीवर बसवली की सकाळी जुन्यांना कळत नाही, असं बरेचजण सांगतात. मला ते पटत नाही. कोंबडी कोंबडीला तोंडावरून, तुऱ्यावरून ओळखते. अंधारात तिला नीट दिसत नाही म्हणून रात्र शांत जाते, पण उजाडताच, दार उघडण्याआधीच, कोंडलेल्या जागेत हाणामारी सुरू होते आणि नवीला पळायला वाट नसते. त्यापेक्षा संध्याकाळी मोकळ्या परसात सोडा. दाणे तीन-चार ठिकाणी टाका, भिंतीला एखादं फळकूट तिरकं लावून आडोसा करा.

चार टोचे बसणारच, मध्ये पडू नका. रक्त दिसलं मात्र लगेच उचला, कारण लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. एखादी सतत छळत असेल तर मार खाणारीला नाही, मारणारीला हलवा. तिला दोन-चार दिवस दूर डालग्याखाली ठेवलं की परतल्यावर तिचा तोरा बराच उतरलेला असतो.

चांगला कोंबडा या कामात फार उपयोगी. आमचा किडा सापडला की स्वतः खात नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि ‘कुक-कुक-कुक’ करत बोलावतो. नव्या दोघी आधी लांबून बघतात, मग एक धीर करून पुढे येते. घार दिसली तर त्याचा आवाज वेगळा, लांब आणि चिरका. कुत्रं-मुंगूस आलं तर तुटक ओरडा. नव्या तलंगा त्या आवाजावर जुन्यांबरोबर झुडपात पळायला लागल्या की समजा, कळपाने त्यांना घेतलं.

कळपात पिल्लांची आई असेल तर हे सगळं पुढे ढकला. पिल्लांजवळ आलेल्या अनोळखी कोंबडीला ती सोडत नाही. पिल्लं मोठी होऊन आईपासून सुटली की मगच बाजार गाठा.