भिंतीवरची ग्राफिटी गॅलरीत न्यायचीय? मग हे वाचा

सगळ्यात आधी एक, वांद्र्याच्या चॅपल रोडवरच्या आपल्या भिंतीचा फोटो मोठा प्रिंट करून फ्रेम करायचा हा प्रकार नको, तो फोटो झाला, काम नाही. अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग न्यूयॉर्कच्या सबवेत जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर खडूने काढायचा, पण गॅलरीसाठी त्याने वेगळी कामं केली, तिथल्याच भिंतींवर ग्राफिटी करून सुरुवात केलेल्या बास्कियानेही तेच.

तर सरफेस. ताणलेल्या कॅनव्हासवर जवळून स्प्रे मारला की रंग एका जागी साचतो आणि ओघळ येतात, त्यापेक्षा प्लायचा बोर्ड घ्या, घासा, प्रायमरचे दोन पातळ हात द्या, नीट सुकू द्या आणि मगच कॅन उचला. कॅनच्या तोंडाची कॅप बदलता येते, बारीक रेषेला स्किनी कॅप, मोठा भाग भरायला फॅट कॅप. आणि पावसाळ्यात चाळीतल्या खोलीत दार लावून स्प्रे करू नका राव, गच्चीवर जा, मास्क साधा कापडी नको, केमिकलच्या वाफेसाठी मिळतो तो घ्या.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकून ठेवा, पण तिथलं वेटिंग वर्षानुवर्षांचं, त्या भरवशावर बसू नका. फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा आर्ट्स फेस्टिवल असतो, तिथे लोकांना भेटा. २०१७ मध्ये कुलाब्याच्या ससून डॉकच्या गोदामात स्ट्रीट आर्टचं प्रदर्शन झालं होतं, म्हणजे गॅलरी पांढऱ्या भिंतींचीच हवी असं काही नाही.

पोर्टफोलिओत परवानगी घेतलेल्याच भिंती दाखवा, विनापरवानगी भिंती रंगवण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा विद्रूपीकरणविरोधी कायदा आहे. गॅलरीचं कमिशन किती, न विकलेलं काम परत आणायचा टेम्पो कोणाच्या खर्चाने, हे आधीच लेखी घ्या.