पोरांना पैसे मोजायला शिकवायचंय? आधी शेंगदाणे काढा

माझी लेक सव्वापाच वर्षांची, शंभरपर्यंत घडाघडा म्हणते, म्हणून मला वाटलं हिला पैसे मोजणं काय अवघड. एका बाजूला एक रुपयाची तीन नाणी ठेवली, दुसऱ्या बाजूला पाचचं एकच, आणि विचारलं जास्त पैसे कुठेत? बाईंनी तीन नाण्यांवर हात मारला. बरोबरच आहे तिचं, तिने नाणी मोजली, पैसे नाही मोजले. सगळी गंमत इथेच आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

आणि "मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे" हे चुकूनसुद्धा सांगू नका. 2011 पासून आलेलं पाचचं पिवळं नाणं 23 मिलिमीटरचं आणि त्याच वेळचं दोनचं 25 चं, म्हणजे पाचच लहान! त्यात एकाच किमतीची जुनी-नवी चार डिझाईन्स आपल्या घरात पडलेली असतात. त्यामुळे नाण्यावरचा आकडा शोधायचीच सवय लावा. वीसचं मात्र पोरं लगेच ओळखतात, त्याला बारा कडा आहेत, आमच्याकडे त्या मोजण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

आता शेंगदाणे. पाचच्या नाण्यासमोर पाच दाणे, दोनच्या समोर दोन, असं पोरांकडूनच मांडून घ्यायचं. मग दाणे उचलून त्याजागी एक-एक रुपयाची नाणी ठेवायची, आणि मग "पाच सुट्टे दे, एक बंदं घे" असा अदलाबदलीचा खेळ. चार-पाच दिवस एवढंच करा, बेरजेची घाई नको (दाणे संपतात, कारण खाल्ले जातात, जास्तीचे घेऊन बसा). पाच वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर नाणी आणि दाणे दोन्ही त्याच्यापासून लांब ठेवा, तोंडात जायला वेळ लागत नाही. आणि खेळ झाला की हात धुवायचे, नाणी कुठून कुठून फिरून आलेली असतात.

ढीग मोजताना आधी मोठ्या किमतीची नाणी वेगळी करायला लावा. दहा, वीस, मग पाच टाकलं की पंचवीस, मग दोन, सत्तावीस, शेवटी एक-एक. पाचाचा पाढा इथे फुकटात पाठ होतो. इंग्लिश मीडियमवाल्यांसाठी एक वेगळीच अडचण, भाजीवाल्या मावशी पस्तीस म्हणतात आणि पोरगी माझ्या तोंडाकडे बघते, थर्टी फाईव्ह म्हटलं की कळतं. म्हणून मोजताना दोन्ही नावं म्हणतो आम्ही.

उरलेले पैसे शिकवताना वजाबाकी नकोच. तेराची वस्तू घेऊन वीस दिले तर तेरापासून पुढे चालत जायचं, दोन ठेवले की पंधरा, पाच ठेवले की वीस, म्हणजे सात परत. अनेक दुकानदार असेच मोजून हातावर ठेवतात.

हे सगळं घरी झालं तरी खरी परीक्षा दुकानात, आणि तिथे आपण फोन काढून स्कॅन करतो, पोरांना ऐकू येतो फक्त एक "टुंग" आवाज. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कोथिंबिरीची जुडी किंवा बिस्किटचा पुडा नाण्यांनी घ्या, आणि पैसे पोरांनाच देऊ द्या, मागे लाईन लागली तरी लागू दे.

परवा लेकीने वीस देऊन अठराची वस्तू घेतली. दुकानदार काका म्हणाले सुट्टे नाहीत बेटा, आणि दोन गोळ्या पुढे केल्या. ही गोळ्यांकडे बघत जरा थांबली (मोह झालाच असणार) आणि म्हणाली, "गोळी नको काका, दोनचं नाणं द्या, मी मोजलंय." काकांनी गल्ला उघडला. होती की नाणी आत!